रस्ता बदलला, टायर बदलला

पावसाळा सुरू झाला की कॉलेजच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारसायकलींची चाके जरा निरखून पाहावीत. बहुतेक टायरांवर बारीक, उथळ नक्षी असते. काही टायर घासून पार गोटा झालेले असतात. आणि एखादी मोटारसायकल अशी असते, की तिच्या टायरवर ट्रॅक्टरच्या चाकाची आठवण करून देणारे रबराचे मोठमोठे ठोकळे दिसतात. गॅरेजमध्ये यांना 'बटन टायर' म्हणतात. ओल्या डांबरी रस्त्यावर यांपैकी कोणता टायर जास्त घट्ट धरून राहील, असे अकरावी-बारावीच्या वर्गात विचारून पाहा. बटन टायरकडे बोट दाखवणारी मुले थोडी नसतील. खाच जितकी खोल तितकी पकड जास्त, असा त्यांचा सरळ हिशेब असतो.

हा हिशेब चिखलात बरोबर येतो आणि डांबरावर चुकतो. परीक्षेत तो चुकला तर एखादा गुण जाईल. पण ओल्या वळणावर चुकला तर हातपाय मोडतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. मातीवर धावण्यासाठी बनवलेली मोटारसायकल रस्त्यावर आणायची, तर तिच्यात काय काय बदलावे लागते आणि टायर कोणता निवडावा लागतो, हे या लेखात आपण पाहणार आहोत. पण त्यासाठी आम्ही थोडे मागे जाणार आहोत. कारण मातीची मोटारसायकल आणि रस्त्याची मोटारसायकल असा भेद सुरुवातीला नव्हताच. तो का निर्माण झाला, हे कळले की टायरच्या निवडीचे उत्तर जवळजवळ आपोआप मिळते.

सगळेच रस्ते मातीचे होते तेव्हा

१८८५ साली जर्मनीत गॉटलिब डाइमलर याने पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनवली. तिची चाके लाकडी होती आणि त्यांवर लोखंडी धाव होती, अगदी आपल्या बैलगाडीसारखी. त्या काळचे रस्ते म्हणजे दाबलेली खडी आणि तिच्यावर बसलेली माती. त्यावर लोखंडी धाव खडखडाट करी, पण चाले.

हवेने भरलेले चाक त्याच्या चाळीस वर्षे आधीच सुचले होते. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या इंजिनिअरने १८४५ साली त्याचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यात हवा आणि बाहेरून चामड्याचे वेष्टण, अशी त्याची रचना होती. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून त्याने ती चालवून दाखवली. गाडी हलकी चालते आणि आवाज करत नाही, हे लोकांनी पाहिले. पण त्या वेळी मोटार नव्हती, सायकलही आजच्या रूपात नव्हती, आणि घोडागाडीला एवढ्या खर्चाची गरज वाटत नव्हती. शोध मागे पडला.

पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने तोच शोध पुन्हा लावला. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी फरशीवर फार हादरे. डनलॉपने हवा भरलेली रबरी नळी चाकाला बसवली आणि सायकल सुळकन धावू लागली. १८८९ साली बेलफास्टच्या सायकल शर्यती असे टायर लावलेल्या स्वाराने जिंकल्या आणि या टायरचे नाव झाले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे पेटंट रद्द ठरले, पण तोवर कारखाना उभा राहिला होता. या सगळ्याच्या मुळाशी अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरने १८३९ साली लावलेला शोध होता. रबर गंधकाबरोबर तापवले की ते उन्हाळ्यात चिकट होत नाही आणि थंडीत कडक होऊन तडकत नाही. हा शोध लागला नसता तर हवेचे चाक पहिल्या उन्हाळ्यातच वितळून गेले असते.

फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९१ साली सहज काढता-घालता येणारा सायकलचा टायर आणला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर मोटारीला लावून दाखवले. विसावे शतक उजाडताना मोटारसायकल, मोटार आणि सायकल या तिन्ही वाहनांखाली हवेचे चाक आले होते. ते चाक गुळगुळीत होते, त्यावर नक्षी नव्हती.

टायरने रस्ता बदलला

आता गोष्ट एक गमतीचे वळण घेते. रस्त्याला साजेसा टायर शोधला गेला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात आधी टायरने रस्ता बदलला.

खडीचा रस्ता टिकतो तो दगडांच्या फटींत बसलेल्या बारीक भुकटीमुळे. बैलगाडीची किंवा घोडागाडीची लोखंडी धाव खडी भरडते, तिचा चुरा होतो आणि तो पाण्याबरोबर फटींत बसून दगड जखडून ठेवतो. वेगाने जाणाऱ्या मोटारीचे रबरी चाक उलटे करते. ते दगड भरडत नाही. मागे ढकलताना आणि आपल्यामागे हवा ओढताना ते बारीक चुरा उडवून लावते. फटींतले बंधन गेले की दगड सुटे होतात आणि रस्ता उखडतो. धुळीचे लोट घराघरांत शिरतात ते वेगळेच.

धूळ बसवण्यासाठी रस्त्यावर डांबर ओतण्याचे प्रयोग विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक ठिकाणी सुरू झाले. इंग्लंडमध्ये एडगर हूली याने खडी आणि डांबर यांचे मिश्रण तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट १९०२ साली घेतले. १९०८ साली पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली. मोटारींपासून रस्ते वाचवायचे कसे, हा तिच्यापुढचा मोठा प्रश्न होता.

आपल्याकडे हाच प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर उभा राहिला. मोटारींची संख्या वाढली आणि रस्ते उखडू लागले. त्यावर विचार करण्यासाठी १९२७ साली एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले. मोटारी रस्ते खराब करतात, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारावा, असे समितीने सुचवले. त्याप्रमाणे १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. १९४३ साली नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरून वीस वर्षांची रस्ते योजना आखली गेली; तीच पुढे 'नागपूर योजना' म्हणून ओळखली गेली. शेतीने भरभराटलेल्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असे तिचे एक उद्दिष्ट होते. म्हणजेच उरलेले काही मैल मातीचेच राहणार, हे गृहीत होते. आजही आपल्या अनेक गावांचा प्रवास अर्धा डांबरावर आणि अर्धा मातीवर होतो, हे लक्षात ठेवू या.

नक्षी कशी आली

गुळगुळीत टायर कोरड्या रस्त्यावर छान चाले, पण ओल्या डांबरावर आणि चिखलात घसरे. त्यावर उपाय म्हणून काही जण टायरवर लोखंडी खिळे मारलेला चामड्याचा पट्टा बसवत. जर्मनीच्या कॉन्टिनेन्टल कंपनीने १९०४ साली नक्षीदार टायर बाजारात आणला. अमेरिकेच्या फायरस्टोन कंपनीने १९०८ साली वेगळीच युक्ती केली. 'फायरस्टोन नॉन स्किड' ही अक्षरेच टायरवर तिरपी उठवली होती. अक्षरांच्या कडा रस्त्याला धरून ठेवत आणि धुळीत कंपनीची जाहिरातही उमटत जाई.

टायरचा रंगही त्याच सुमारास बदलू लागला. पूर्वीचे टायर फिकट असत, कारण रबरात झिंक ऑक्साइड घालत. १९०४ साली इंग्लंडमध्ये असे आढळले, की रबरात काजळी मिसळली तर ते कितीतरी मजबूत होते. आज टायर काळा दिसतो तो या काजळीमुळे. सुरुवातीच्या टायरांच्या मानाने आजचा टायर अनेक पटींनी टिकतो, त्यातही या काजळीचा मोठा वाटा आहे.

दोन वाटा फुटल्या

१९२० च्या दशकापर्यंत मोटारसायकल एकच होती. तीच रस्त्यावर आणि तीच शेतातून जाई. २९ मार्च १९२४ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात कॅम्बर्ली येथे डोंगरउतारावर, झुडपांतून आणि चिखलातून एक शर्यत झाली. धडपडत, खरडत जाण्याची शर्यत म्हणून तिला 'स्क्रॅम्बल' असे नाव पडले. हा खेळ फ्रान्स-बेल्जियममध्ये गेला आणि 'मोटोक्रॉस' झाला. १९५२ साली त्याची युरोपीय स्पर्धा आणि १९५७ साली जागतिक अजिंक्यपद सुरू झाले.

रस्ते जसजसे डांबरी होत गेले, तसतशी रस्त्याची मोटारसायकल जड, आरामशीर आणि वेगवान होत गेली. शर्यतीची मात्र उलट हलकी होत गेली. दिवा नको, हॉर्न नको, आरसे नकोत, बॅटरी नको. स्प्रिंगांचा प्रवास लांब हवा, म्हणजे उडी मारून उतरताना धक्का पचेल. पुढचे चाक मोठे हवे, आणि टायरवर खोल बटने हवीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन जाती इतक्या दूर गेल्या, की एकीला दुसरीच्या जागी नेणे म्हणजे तिला पुन्हा बनवण्यासारखे झाले.

मोठ्या पुढच्या चाकाचे कारण भूमितीने कळते. चाकापुढे १० सेंमी उंचीचा दगड आला आहे. चाकाची बाहेरची त्रिज्या ३५ सेंमी असेल, तर चाक दगडावर चढवायला चाकावरील भाराच्या साधारण ०.९८ पट आडवे बल लागते. त्रिज्या ३० सेंमी असेल तर तेच बल १.१२ पट होते. (दगडाची उंची भागिले त्रिज्या ही संख्या एकातून वजा केली की जो कोनाचा कोसाइन मिळतो, त्या कोनाचा टॅन म्हणजे हे गुणोत्तर. दहावीच्या त्रिकोणमितीत बसणारे उदाहरण आहे.) म्हणूनच मातीवरच्या मोटारसायकलींना पुढे २१ इंची रिम असते आणि रस्त्यावरच्या शर्यती मोटारसायकलींना १७ इंची.

चिखलातली पकड आणि डांबरावरची पकड

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. 'पकड' हा शब्द एकच असला तरी चिखलात आणि डांबरावर दोन वेगळ्या गोष्टी घडतात.

चिखलात किंवा भुसभुशीत मातीत जमीन मऊ आणि रबर कठीण असते. बटन मातीत रुतते आणि दातेरी चक्राच्या दातासारखे मातीला मागे ढकलते. तिथे किती जोर मिळेल हे रबरावर कमी आणि मातीच्या थरांच्या एकमेकांना धरून राहण्याच्या शक्तीवर जास्त अवलंबून असते. दोन बटनांमधली जागा मोठी हवी, म्हणजे फिरताना माती निसटून पडेल आणि टायर चिखलाने भरून गुळगुळीत होणार नाही.

डांबरावर उलटे आहे. तिथे जमीन कठीण आणि रबर मऊ. बटन डांबरात रुतू शकत नाही. तेथे रबरानेच खडीच्या बारीक उंचसखल पृष्ठभागाशी जुळवून घ्यायचे असते. ते दाबले जाते, बारीक खळग्यांत शिरते, चिकटते आणि सुटते. शाळेत आपण शिकवतो की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. लाकडी ठोकळ्याला हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो, रबराला तसाच्या तसा पडत नाही. रबरावरचा दाब वाढला की त्याचा घर्षणांक कमी होतो. म्हणून तेवढाच भार जास्त रबरावर पसरला तर पकड सुधारते.

थोडा हिशेब करू. स्वारासह मोटारसायकलचे वजन २२० किलो धरू आणि ते दोन्ही चाकांवर सारखे वाटले आहे असे समजू. म्हणजे एका चाकावर ११० किलो. टायरमध्ये २८ पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो. तेव्हा रस्त्याला टेकलेला भाग साधारण ५५ चौरस सेंटिमीटरचा, आपल्या तळहाताहूनही लहान. ब्रेक, वळण, वेग हे सारे त्या दोन तुकड्यांवर तोललेले असते. आता समजा बटन टायरमध्ये या तुकड्यातली निम्मी जागा रिकामी खाच आहे. मग रस्त्याला लागणारे रबर निम्मेच राहिले आणि त्यावरचा दाब दुप्पट झाला. शिवाय उंच बटन ब्रेक लावताना आणि वळताना वाकते. ते वाकते तेव्हा मोटारसायकल वळवळल्यासारखी वाटते, बटन तापते, त्याच्या कडा झिजतात आणि कधी मुळाशी फाटतातही.

मग रस्त्याच्या टायरला खाचा तरी कशाला? पाण्यासाठी. रबर आणि डांबर यांच्या मधले पाणी बाजूला जायला वाट हवी. अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या चाकांचा अभ्यास करून १९६३ साली एक सोपे सूत्र दिले. रस्त्यावर खाचांपेक्षा खोल पाणी असेल, तर टायरमधील हवेच्या दाबाचे (पौंडांत) वर्गमूळ काढून त्याला १०.३५ ने गुणावे. तेवढ्या मैल वेगाला चाक पाण्यावर तरंगू लागते. २८ पौंडांना हा वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर येतो, १२ पौंडांना सुमारे ५८. मोटारसायकलचा टायर गोलसर असल्याने पाणी कापत जातो, तेव्हा हे आकडे तिला जसेच्या तसे लावू नयेत. पण हवेचा दाब कमी करणे धोक्याचे का, हे त्यातून कळते. कोरड्या शर्यतीत अगदी गुळगुळीत टायर वापरतात, यात आता आश्चर्य वाटू नये. पाणी नाही, तर खाचेचे काम नाही.

दोन्हीकडे चालणारी मोटारसायकल

अमेरिकेत डोंगर आणि वाळवंटे मोठी. तिथे लोकांना घरापासून रस्त्याने जाऊन पुढे मातीत शिरता येईल अशी मोटारसायकल हवी होती. होंडाने १९६२ साली २५० सीसीची स्क्रॅम्बलर आणली. त्याच वर्षी डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन या दोघांनी तिच्यावर मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात तिहुआना ते ला पाझ हे साडेनऊशे मैलांचे अंतर तोडले. एकिन्सला सुमारे चाळीस तास लागले. तरीही ती मुळात रस्त्याची मोटारसायकल होती. तिला उंच सायलेन्सर आणि रुंद हँडल बसवले होते.

१९६८ साली यामाहाच्या डीटी-१ ने चित्र बदलले. हलकी, २४६ सीसीची, दोन स्ट्रोकची ही मोटारसायकल मुळातच मातीसाठी बांधलेली होती. तिला दिवे, हॉर्न आणि नंबरप्लेट देऊन रस्त्यावर आणले होते. म्हणजे जे रूपांतर लोक घरी करत, ते कारखान्यात होऊन आले. पुढे १९७८ सालापासून अमेरिकेत नव्या मोटारसायकलींच्या धुरावर मर्यादा आल्या आणि तिथल्या रस्त्यांवरून दोन स्ट्रोकची इंजिने मागे हटू लागली.

१९७८ च्या डिसेंबरात पहिली पॅरिस-डाकार शर्यत निघाली. ती यामाहाच्या ५०० सीसी चार स्ट्रोक मोटारसायकलीने जिंकली. १९८० साली बी.एम.डब्ल्यू.ने ८०० सीसीची मोटारसायकल आणली आणि तिच्या नावात जी आणि एस ही अक्षरे घातली. जी म्हणजे गेलेंडे, अर्थात उघडा प्रदेश, आणि एस म्हणजे श्ट्रासे, अर्थात रस्ता.

उलट्या दिशेचाही एक प्रयोग झाला. १९७९ साली कॅलिफोर्नियात गॅव्हिन ट्रिप यांच्या कल्पनेतून दूरदर्शनसाठी 'सुपरबायकर्स' नावाची शर्यत घेतली गेली. धावपट्टीचा काही भाग डांबरी, काही मातीचा. कोणता स्वार श्रेष्ठ हे ठरवायचे होते. स्वारांनी मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींना रुंद टायर बसवले. अमेरिकेत ही शर्यत काही वर्षांनी बंद पडली, पण फ्रान्समध्ये ती रुजली आणि 'सुपरमोटो' म्हणून वाढली. २००२ साली तिचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. मातीची मोटारसायकल, पण चाके १७ इंची आणि टायर रस्त्याचे, हा आजचा सुपरमोटोचा साचा तिथून आला.

रूपांतरात काय काय बदलते

परदेशात मातीची मोटारसायकल रस्त्यावर आणण्याचा उद्योग आजही चालतो. त्यात करावे लागणारे बदल पाहिले, की यंत्र ही सुट्या भागांची मोळी नसते, एक भाग बदलला की दुसऱ्यावर परिणाम होतो, हे छान समजते.

पहिला बदल विजेचा. शर्यतीच्या इंजिनात अनेकदा ठिणगीपुरतीच वीज तयार होते. पुढचा दिवा, मागचा व ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि हॉर्न यांसाठी वीज निर्माण करणाऱ्या गुंडाळ्या वाढवाव्या लागतात आणि बॅटरी बसवावी लागते. आरसे, स्पीडोमीटर आणि नंबरप्लेट हेही आलेच.

दुसरा बदल चेनच्या दातेरी चक्रांचा. मातीत जोर हवा, रस्त्यावर वेग. पुढे १३ आणि मागे ५० दाते असतील तर गुणोत्तर ३.८५ येते. ते १४ आणि ४५ केले तर ३.२१. चाक तेच असेल तर त्याच वेगाला इंजिन सुमारे सोळा टक्के कमी फेरे घेते आणि त्याचे आयुष्य वाढते.

तिसरा बदल चाकांचा. समजा पुढचे चाक बाहेरून ७० सेंमी व्यासाचे होते, ते ६० सेंमीचे केले. स्पीडोमीटर त्या चाकावर चालत असेल, तर प्रत्यक्ष ६० च्या वेगाला तो ७० दाखवील. मोटारसायकलचे तोंड खाली येते, पुढच्या काट्याचा कल बदलतो, हँडल हलके होते. पकड वाढल्याने ब्रेक जास्त जोराने लावता येतो, म्हणून पुढची ब्रेकची तबकडी मोठी लावतात आणि स्प्रिंगा कडक करतात.

चौथी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मातीत मागचे चाक थोडे घसरते आणि इंजिनाचा झटका त्या घसरण्यात विरून जातो. घसरणे हा तिथे एक प्रकारचा सुरक्षा झडप असतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग झटका चेनला आणि गिअरबॉक्सला बसतो. रस्त्याच्या मोटारसायकलीत यासाठी मागच्या हबमध्ये रबराचे ठोकळे असतात. शर्यतीच्या मोटारसायकलीत अनेकदा ते नसतात. शिवाय शर्यतीच्या इंजिनात तेल थोडे असते आणि त्याची देखभाल किलोमीटरांत न मोजता तासांत मोजतात. रोज कामावर जायला असे इंजिन महागात पडते.

टायर निवडताना

रूपांतर कुणी करो वा न करो, टायर मात्र प्रत्येकालाच बदलावा लागतो. म्हणून पुढच्या गोष्टी सर्वांनाच उपयोगी आहेत.

आपण कुठे किती चालवतो, हे आधी प्रामाणिकपणे मोजावे. दहापैकी नऊ किलोमीटर डांबरावर जात असतील, तर टायर डांबराचाच हवा. खरोखर निम्मे निम्मे असेल तर मधला प्रकार घ्यावा, ज्यात ठोकळे मोठे, उथळ आणि एकमेकांजवळ असतात. मधल्या टायरने दोन्हीकडे थोडी तडजोड करावी लागते. दोन्हीकडे सर्वोत्तम असा टायर नसतो.

टायरच्या कडेवरचा मजकूर वाचावा. ९०/९०-२१ म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम २१ इंची. पुढच्या अक्षरात वेगाची मर्यादा असते. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०. केवळ शर्यतीच्या टायरवर तो सार्वजनिक रस्त्यासाठी नाही असे लिहिलेले असते. ते दिसले तर तो टायर रस्त्यावर आणू नये. अनेक टायरांवर चार आकड्यांची तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारे होऊन कडक होते. बाण असेल त्याच दिशेने चाक फिरले पाहिजे.

हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे आणि टायर थंड असताना भरावी. मातीत बारा-चौदा पौंडांवर चालवणारे स्वार रिमवर टायर सरकू नये म्हणून खास पकड बसवतात. तेवढ्याच हवेवर डांबरावर धावले तर टायर पोटात दुमडतो आणि तापतो.

आपल्याकडच्या नियमांत दुचाकीच्या नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर ठरवलेली आहे. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात; रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की टायरचे दिवस संपले.

कायदा काय सांगतो

अमेरिकेत या बाबतीत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडे स्थिती स्पष्ट आहे. नोंदणी नसलेली शर्यतीची मोटारसायकल सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, कारखान्याने ठरवलेला आणि नोंदणीपत्रात असलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ उचलून धरला. तरुणांना हा जाच वाटतो. पण वर पाहिलेली साखळी आठवली, चाक बदलले की ब्रेक, हँडल, स्पीडोमीटर, चेन सारे बदलते, की या नियमामागचे शास्त्र दिसते. दोन्हीकडे चालणाऱ्या मोटारसायकली आता आपल्याच देशात कारखान्यातून तयार होऊन मिळतात. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफील्डच्या हिमालयनला आणि २०१९ साली आलेल्या हीरोच्या एक्सपल्स २०० ला पुढे २१ इंची चाक दिलेले आहे. रूपांतराचा हिशेब तिथे आधीच झालेला असतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

सायकलच्या टायरला शाई लावून ती आलेखाच्या कागदावर टेकवावी आणि ठशाचे चौकोन मोजावेत. आलेले क्षेत्रफळ हवेच्या दाबाने गुणून वजनकाट्यावर मोजलेल्या त्या चाकावरच्या भाराशी ताडून पाहावे. उत्तरे तंतोतंत जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, यावर चांगली चर्चा होते.

दोन सारखे खोडरबर घ्यावेत. एकाच्या तळाला ब्लेडने खोल आडव्या खाचा पाडाव्यात, दुसरा तसाच ठेवावा. दोन्हींवर सारखे वजन ठेवून ते आधी खडबडीत फरशीवर आणि मग ओल्या वाळूत स्प्रिंगकाट्याने ओढावेत. चारही वाचने फळ्यावर लिहावीत.

तिसरा प्रयोग शाळेच्या वाहनतळावर होतो. व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या बाजूने खोली मोजणारी पट्टी बाहेर येते. प्रयोगशाळेत ती क्वचितच वापरली जाते. तिने शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या दुचाकींच्या टायरची नक्षी मोजून तक्ता करावा. ०.८ मिलिमीटरच्या खाली किती आहेत, ते मुलांनाच काढू द्यावे. हा तक्ता जून महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसाच्या आत तयार झाला, तर त्याचा उपयोग गुणपत्रिकेपलीकडेही होईल.